ऑगस्टची फी मोजा: गोव्यात ड्रमवर घर चालवायचं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: फोंड्याजवळ राहणारा २६ वर्षांचा ड्रमर सात-आठ वर्षं बँडमध्ये वाजवतोय, दिवसा नोकरी करतोय. नोकरी सोडून कार्यक्रम आणि क्लास या दोन्हींवर जगता येईल का? घरीच क्लास काढायचा तर काय लागेल, आणि सुरुवात कधी करावी?

जगता येईल. पण वाजवणं आणि शिकवणं हे दोन धंदे एकमेकांचा वेळ खातात, म्हणून आधी वर्ष कागदावर मांडा. कोणता ड्रमसेट घ्यावा हा प्रश्न त्यानंतरचा.

गोव्यात ड्रमरचं वर्ष ऑक्टोबरला सुरू होतं. पाऊस सरतो, किनाऱ्यावर शॅक (हंगामी झोपडीवजा हॉटेलं) उभे राहतात, हॉटेलं आठवड्याचे वार ठरवून बँड लावतात. नाताळाआधीचे चार आठवडे चर्चमधली लग्नं कमी असतात, पण २० डिसेंबर ते २ जानेवारी एकाच रात्रीसाठी तीन ठिकाणांहून फोन येतात. मग कार्निव्हल. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत ख्रिस्ती लग्नं जवळजवळ बंद. त्याच सुमारास शिगमो असतो खरा, पण तो ढोल-ताशांचा. ड्रमसेटला तिथे फारसं काम नाही. ईस्टर झाला की मे अखेरपर्यंत रिसेप्शनांची रांग लागते. जूनमध्ये शॅक उतरलेले असतात, २४ तारखेचं सांजांव (सेंट जॉनचा सण) सोडलं तर जुलै-ऑगस्ट कोरडे (पावसाळ्याला कोरडं म्हणायचं ते फक्त ड्रमरने). चवथीला घरोघरी घुमट-आरती (घुमट म्हणजे मडक्याचं तालवाद्य) असते, तिथे आपलं काम ऐकण्याचं.

क्लासचं उलट. नवे विद्यार्थी जूनमध्ये येतात, पावसाळ्यात नियमित असतात आणि डिसेंबरमध्ये, तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते तेव्हा, पालक वार्षिक संमेलनासाठी जादा तास मागतात. म्हणून क्लासचे वार सोमवार ते गुरुवारच ठेवा. शुक्रवार-शनिवारी एकही विद्यार्थी घेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. शनिवारचा तास महिन्यातून दोनदा रद्द झाला की पालक तिसऱ्या महिन्यात मूल काढून घेतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

आकडा मांडून बघा. चार दिवस, रोज ४५ मिनिटांचे सहा तास, म्हणजे एकेकटे शिकणारे २४ विद्यार्थी. वर्षाचे ५२ आठवडे, त्यातून नाताळाचे दोन, होली वीकचा (ईस्टरआधीचा आठवडा) एक, चवथीचा एक, मे महिन्यातले तीन, आजारपण आणि इतर सुट्ट्यांचे तीन वजा केले तर उरतात ४२. महिन्याची फी चार तासांची धरली तर वर्षाला साडेदहा महिन्यांचीच फी हातात येते. घरखर्च मात्र बारा महिन्यांचा. फी ठरवताना हा दीड महिना त्यात धरा. बहुतेक नवे शिक्षक इथेच चुकतात: शेजारच्या क्लासची फी विचारून त्याहून थोडी कमी ठेवतात आणि मे महिन्यात उसनवारी करतात.

कार्यक्रमाचा मोबदला तासावर तोलायचा असतो. उघड्यावरचं रिसेप्शन घ्या: साडेतीनला घरून निघणं, पाचला मांडणी, सहाला साउंडचेक, सातपासून दहापर्यंत मध्ये थांबत वाजवणं, साडेअकराला घरी. प्रत्यक्ष वाजवणं दोन तासांचं, दिवस आठ तासांचा. मिळालेल्या पैशांतून गाडीभाडं आणि सामान उचलणाऱ्याचे पैसे काढा, मग आठाने भागा. हा आकडा क्लासच्या तासापेक्षा खाली येत असेल तर ते काम ओळख वाढवण्यासाठी घेताय हे स्वतःशी कबूल करा. तारीख घेताना अर्धे पैसे आगाऊ घ्या, आणि एकाच मेसेजमध्ये लिहून घ्या: किती वेळ वाजवायचं, किती स्लॉट, ड्रमसेट कोणाचा, जेवण आहे का, पावसाने रद्द झालं तर काय.

आता घरच्या क्लासची खोली. भिंतीला फोम चिकटवला की आवाज बाहेर जात नाही, हा समज पैसे बुडवतो. फोम खोलीतला घुमारा कमी करतो. बाहेर जाणारा आवाज अडतो तो वजनाने आणि फटी बुजवल्याने. जुन्या गोवेकर घरात चिऱ्याची जाड भिंत असते, ती उत्तम अडवते. आवाज निसटतो तो मंगळुरी कौलांतून, खिडकीच्या झडपांतून आणि दाराखालच्या फटीतून. त्यामुळे कौलारू खोलीत आधी खाली जड फॉल्स सीलिंग, म्हणजे जिप्सम बोर्डाचे दोन थर, मग खिडकीच्या फटीला रबरपट्टी, मग दार. भिंतीवर खर्च करायची वेळ बहुधा येतच नाही. फ्लॅट असेल तर गोष्ट वेगळी: तिथे बास ड्रमचा (पायाच्या पेडलने वाजवायचा मोठा ड्रम) धक्का फरशीतून खालच्या मजल्यावर जातो. त्याला उपाय टेनिस बॉलच्या फळीचा. १८ मिलिमीटर प्लायच्या ६ बाय ५ फुटांच्या दोन फळ्या घ्या, खालच्या फळीत फूटभर अंतरावर चेंडू बसतील अशी भोकं पाडा, ३० च्या आसपास चेंडू, वर दुसरी फळी आणि जाड गालिचा. बास ड्रम आणि स्टूल येतं तिथे चेंडू दाट ठेवा, नाहीतर फळी एका बाजूला कलते आणि हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी) डुलत राहते. इलेक्ट्रॉनिक सेट घेतला म्हणून ही फळी टळत नाही. हेडफोनमुळे पडद्यांचा (काठी पडते त्या ताणलेल्या थरांचा) आवाज बाहेर येत नाही, पेडलचा दणका तसाच राहतो.

कायद्याचं एक नीट माहीत असू द्या. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिवर्धक बंद, हे सगळ्यांना ठाऊक असतं. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यात वाद्यंही आली, म्हणजे ‘माइक लावलेला नाही’ ही सबब चालत नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि खासगी जागेतला आवाज हद्दीवर त्याहून ५ डेसिबलपेक्षा जास्त वर जाता कामा नये. उघड्या खिडकीतला ड्रमसेट हे सहज ओलांडतो. क्लास काढण्याआधी फोनवरचं डेसिबल ॲप घेऊन कुंपणाजवळ उभे राहा आणि आत कोणाला तरी वाजवायला सांगा. ॲपचा आकडा अचूक नसतो, पण खिडकी बंद केल्याने किती फरक पडला ते कळतं. शेजाऱ्यांना वेळापत्रक आधी द्या आणि रात्री ८ नंतर फक्त पॅड (सरावाची रबरी गादी).

पहिल्या दिवशी विद्यार्थ्याला ड्रमसेटवर बसवायचं की नाही यावर शिक्षकांत वाद आहे. माझं मत: शेवटची पाच मिनिटं बसवा, नाहीतर तो परत येत नाही. बाकी वेळ पॅडवर. पॅड बेंबीच्या उंचीवर. काठ्या मोठ्यांना ५ए, सात-आठ वर्षांच्या मुलांना त्याहून बारीक ७ए. दुकानात काठी काउंटरच्या काचेवर लोळवून बघा. डुगडुगली तर वाकडी. आपल्या दमट हवेत लाकडी काठ्या गाडीच्या डिकीत ठेवल्या की पावसाळ्यात वाकतातच.

पकड: काठीच्या जाड टोकापासून साधारण एक तृतीयांशावर अंगठा आणि तर्जनीचं पेर, बाकीची तीन बोटं नुसती लागून. काठी पॅडवर सोडून द्यायला सांगा आणि उसळ्या मोजा. दोनच उसळ्यांत थांबली तर मुठीत जोर आहे. तर्जनी काठीवर लांब पसरलेली असते ती दुसरी खोड. तिच्यामुळे मनगट अडतं आणि वेग मिनिटाला ९०-१०० मात्रांच्या पुढे जात नाही.

घुमट वाजवणारी मुलं डिचोली, सत्तरी, फोंडा भागातून येतात, त्यांना शून्यापासून शिकवू नका. घुमटावर उजवा हात कातड्यावर आणि डावा मडक्याच्या उघड्या तोंडावर असतो, तो झाकून-उघडून घुमार बदलतो. म्हणजे दोन हातांनी दोन वेगळी कामं करणं त्यांना आधीच येतं, समही अंगात असते. अडतात ते पायाशी. त्यांना पहिला महिना हातांचा सराव कमी आणि बास ड्रम-हाय-हॅट पेडलचा जास्त द्या. उलट ताशावरून आलेला मुलगा हात चांगले चालवतो, पण खांद्यातून मारतो. त्याला आधी काठी दोन इंचांपेक्षा वर न उचलण्याचा सराव. जाता जाता, घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं असे. वन्यजीव कायद्यामुळे ते बंद झालं, आता बकऱ्याचं लावतात. आपल्या प्लास्टिकच्या पडद्याने या कटकटीतून सोडवलंय, पण बकऱ्याच्या कातड्याची ऊब काही त्यात नाही.

मोजणी शिकवताना ‘वन-ई-अँड-अ’चा हट्ट नको. एका मात्रेत चार ठोके म्हणजे ‘तकधिमि’, तीन म्हणजे ‘तकिट’. भजनाच्या वातावरणात वाढलेलं मूल हे पाच मिनिटांत पकडतं. इंग्रजी मोजणी दोन महिन्यांनी द्या, कारण बँडमध्ये आणि परीक्षेत तीच लागते.

पॅराडिडल, म्हणजे दोन हातांच्या ठोक्यांचा एक मूळ सराव, जवळून बघू. उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा, जोर फक्त प्रत्येक चौकडीच्या पहिल्या ठोक्यावर. जवळपास प्रत्येकाचा घोटाळा एकच: शेवटचे दोन ठोके एकमेकांना चिकटतात, ‘तक धि-मि’ ऐवजी ‘तक धिम्’. कारण दुसरा ठोका उसळीवर न घेता मनगटाने दाबला जातो. मेट्रोनोम (मात्रा मोजून देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर ठेवा, मात्रेला चार ठोके, दोन मिनिटं न थांबता. जमलं तर ४ ने वाढवा, फिस्कटलं तर ८ ने मागे या. घरी रोज १५ मिनिटं पुरे. रविवारी एकदम दोन तास केल्याने काही होत नाही. तो काय करतोय ते फोनवर रेकॉर्ड करून त्यालाच ऐकवा. तुम्ही दहा वेळा सांगितलेलं तो एकदा ऐकून सुधारतो.

पहिली बीट बसवताना उलट्या क्रमाने जा. आधी १ आणि ३ वर बास, मग २ आणि ४ वर स्नेअर (खालच्या पडद्याला तारा असलेला, खरखरत्या आवाजाचा ड्रम), हाय-हॅटचे आठ ठोके सगळ्यात शेवटी. हाय-हॅटपासून सुरू केलं की स्नेअर येताच उजवा हात थबकतो. बास आणि हाय-हॅट एकाच क्षणी पडायला हवेत. ‘टक’ऐवजी ‘ट्रक’ ऐकू आलं तर वेग ५० वर आणा. पालक ट्रिनिटीच्या (लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या) परीक्षांबद्दल विचारतील. ड्रमकिटला प्राथमिक परीक्षा आणि मग ग्रेड १ ते ८ अशा पायऱ्या आहेत. वाचनासाठी चांगल्या, पण वर्ष पूर्ण व्हायच्या आत बसवलं तर मूल तीन तुकडे पाठ करतं आणि चौथा वाजवू शकत नाही.

आता वाजवण्याच्या बाजूला. इथल्या ड्रमरला पुन्हा बोलावलं जातं ते हलक्या आवाजात वाजवता येतं म्हणून. रेस्टॉरंटमध्ये सगळ्यात जवळच्या टेबलावर माणसांना आवाज न चढवता बोलता आलं पाहिजे. याचा सराव: काठी दोन इंचांच्या वर न नेता ९० च्या वेगाने पाच मिनिटं साधी बीट. हलकं वाजवलं की हात आपोआप संथ होतो, कारण हाताच्या फेऱ्याचं अंतर बदलतं आणि शरीर वेळ अंतरावर मोजत असतं; म्हणून मोठ्याने मोजत वाजवा. बासवर टाच खाली टेकवून, आणि बीटर (पेडलचा हातोडा) पडद्यात रुतवून न ठेवता लगेच सोडायचा. बास ड्रममध्ये छोटी उशी. तेवढ्याने भागलं नाही तर रॉड, म्हणजे बारीक काड्यांची जुडी, किंवा ब्रश. अगदी लहान जागी काहोन (वर बसून हातांनी वाजवायची लाकडी पेटी) आणि एक हाय-हॅट न्या. सामानही एका स्कूटरवर मावतं.

ख्रिस्ती रिसेप्शनला नाचणाऱ्यांच्या पायाला वेग माहीत असतो, म्हणून आकडे पाठ हवेत. वॉल्ट्झ ८४ ते ९०, चा-चा १२० ते १२८, जाइव्ह १६८ ते १७६ (ही स्पर्धेतली गती, आजी-आजोबा फ्लोअरवर असतील तर जाइव्ह १५० वर सुद्धा सुखाने चालतो). वॉल्ट्झमध्ये १ वर बास, २-३ वर अगदी हलकी क्रॉस-स्टिक, म्हणजे काठी पडद्यावर आडवी टेकवून कडेवर टक. तिथे रॉक ड्रमर स्नेअर हाणतो आणि जोडपी खुर्चीकडे वळतात. कोंकणी मसाला (लागोपाठ कोंकणी नाचगाणी) सुरू झाला की सगळा हॉल ओरडू लागतो आणि ड्रमर नकळत धावतो. स्नेअरशेजारी लुकलुकणारा मेट्रोनोम ठेवा, कानात नको. मांडो (गोव्याचं संथ पारंपरिक गीत) आला तर ड्रमसेट गप्प ठेवून घुमटवाल्याला पुढे करा, नाहीतर ब्रश. दुलपोद (मांडोनंतरचं जलद गाणं) ६/८ मध्ये आहे, तिथे हळूच आत शिरा. तियात्राचं (कोंकणी संगीत नाटक) काम वेगळं: मडगावच्या रवींद्र भवनासारख्या ठिकाणी कांतारं, म्हणजे गाणी, एकामागून एक येतात, गायक ऐनवेळी कडवं पुन्हा घेतो, तुमची नजर कागदावर कमी आणि त्याच्या खांद्यावर जास्त हवी. पैसा रिसेप्शनइतका नसेल, पण वाचन आणि हजरजबाबीपणा तिथे पक्का होतो.

स्नेअर लावणं हे एकच काम नीट आलं तरी साउंडवाला तुमचा मित्र होतो. १४ इंची स्नेअरचा वरचा पडदा बसवून सगळे बोल्ट बोटांनी लागेपर्यंत फिरवा, तळहाताने मधोमध दाबून पडदा बसवा. मग किल्लीने अर्धा-अर्धा फेरा, समोरासमोरच्या जोड्यांनी. गोल क्रमाने फिरवलं की पडदा एका बाजूला ओढला जातो आणि सुरकुती पडते. प्रत्येक बोल्टपासून इंचभर आत टकटक करून आवाज जुळवा. खालचा पडदा वरच्यापेक्षा थोडा चढा. तारा आधी पूर्ण सैल, मग खरखर स्पष्ट होईपर्यंतच घट्ट; त्याहून ताणल्या तर ड्रम घुसमटतो. शेजारचा टॉम (मधल्या आकाराचा ड्रम) वाजवताना तारा आपोआप करकरतात, तर स्नेअर नाही, तो टॉम अर्धा सूर बदला. दुपारी उन्हात उभा राहिलेला सेट संध्याकाळी सावरतो तेव्हा सूर सरकलेला असतो, म्हणून शेवटचं जुळवणं सूर्य मावळल्यावर.

समुद्राच्या हवेत गंज आणि बुरशी हे दोन शत्रू. वाजवून झाल्यावर सिंबल आणि बोल्ट कोरड्या फडक्याने पुसायचे, सकाळी नव्हे, त्याच रात्री. मे महिन्यात प्रत्येक बोल्ट काढून आट्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. पावसाळ्यात पिशव्या आठवड्यातून एकदा उघडून पंख्याखाली ठेवा, स्नेअरच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाका. वाळूवर वाजवायचं असेल तर गालिच्याखाली प्लाय हवाच, नाहीतर पहिल्याच गाण्यात बास ड्रम पुढे सरकत जातो.

पिशवीत: दोन किल्ल्या, काठ्यांच्या चार जोड्या, ब्रश, रॉड, फेल्टच्या चकत्या, सिंबलच्या प्लास्टिक नळ्या, हाय-हॅटचा जादा क्लच, स्नेअरचा जादा पडदा, गॅफर टेप, टॉर्च, बुटाची एक मजबूत नाडी. नाडी अशासाठी की स्नेअरच्या तारांची पट्टी तुटते ती नेहमी कार्यक्रमात, आणि नाडीने रात्र निभावते.

कानांचं. ८५ डेसिबलला आठ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा, म्हणजे १०० ला जेमतेम १५ मिनिटं, असा अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेचा दंडक आहे. छोट्या खोलीत ड्रमसेट १०० सहज गाठतो, आणि तुम्ही रोज साडेचार तास तिथे. संगीतकारांसाठीचे इअरप्लग घाला, कापूस नव्हे. कापूस वरचे सूर खातो, दणका तसाच ठेवतो. विद्यार्थ्यालाही घाला. इअरप्लग घालून तासातली निदान ३० मिनिटं पॅडवर ठेवलीत तर हिशोब बसतो.

सुरुवात जूनमध्ये करा, नोकरी चालू ठेवून, संध्याकाळी दोन-दोन विद्यार्थ्यांनी. ऑक्टोबर ते मे हंगामात कार्यक्रमांचा पैसा चांगला येईल आणि राजीनामा द्यावासा वाटेल; तेव्हा देऊ नका. पुढच्या ऑगस्टपर्यंत थांबा. पावसात, चवथीच्या तोंडावर, एकही कार्यक्रम नसताना किती जणांनी महिन्याची फी वेळेवर दिली ते मोजा. पंधराच्या वर असतील आणि तेवढ्या फीत घरचा महिना निघत असेल, तर सप्टेंबरमध्ये नोटीस द्या. ऑक्टोबरच्या पहिल्या शुक्रवारी तुम्ही मोकळे असाल.